नाव नकाशावर आहे म्हणजे नोंद झाली, असं नसतं!

मा. गेलिक भाषेचे मंत्रिमहोदय, स्कॉटलंड,

स. न. वि. वि.

लुईस बेटाच्या किनाऱ्यावरची गेलिक नावं नोंदवायला यंदा पैसे देण्याचा शब्द मिळाला होता. गेल्या आठवड्यात नकार आला. कारण काय, तर नावं नकाशावर आधीच आहेत!

कुठली नावं? लुईसचं सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशांसाठीचं सर्वेक्षण झालं १८४८ ते १८५२ मध्ये. त्या वेळच्या नावांच्या वह्यांत नाव, स्पेलिंगचे पर्याय, सांगणारा, जागा, वर्णन असे रकाने आहेत, उच्चाराचा नाही. पाण्याखालचे खडक म्हणजे ‘बोधा’, अरुंद घळी, शेवंडांच्या पिंजऱ्यांच्या जागा यांतलं कितीतरी आजही फक्त तोंडी आहे. होडीतून पाहताना चर्चची भिंत अमुक खडकाच्या टोकावर आली की एक रेघ, दोन भूशिरं एकमेकांना भिडली की दुसरी. रेघा छेदतात तिथे पिंजरा सोडायचा. खडकाचं नाव गेलं की ती जागाही गेली.

काम कसं होतं तेही ऐका. सांगणाऱ्यापुढे आधी नावं नसलेला हवाई फोटो ठेवायचा. छापील नकाशा ठेवला तर माणूस त्यावरचंच वाचून दाखवतो. नाव एकदा सुटं, एकदा वाक्यात बोलवून घ्यायचं. माइकला वाऱ्याचं आवरण हवंच, नाहीतर शेवटच्या व्यंजनाचा मृदू-कठोर भेद वाऱ्यात जातो आणि एकवचन की अनेकवचन ते कळत नाही. जागा नक्की करायची ती उधाणाच्या ओहोटीला, कारण एरवी अर्धे खडक दिसतच नाहीत. नकाशावरच्या चौकोनांचा संदर्भ-क्रमांक आठ अंकी हवा. सहा अंकी म्हणजे शंभर मीटरचा चौकोन. तेवढ्यात दोन-तीन घळी बसतात. एकाच खडकाला दोन गावांची दोन नावं असली तर दोन्ही ठेवायची, एकाला खोटं ठरवायचं नाही. हे सुट्टीच्या दिवशी फुकटात उरकण्याचं काम आहे का?

याच लुईसच्या स्टोर्नोवेचा कॉलिन मॅकेन्झी १८१५ मध्ये भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला. त्याने कावली बंधूंसारखे स्थानिक जाणकार पगारावर ठेवून दक्षिणेतल्या गावागावांतून पोथ्या, शिलालेख, वंशावळी गोळा करवल्या. परक्या मुलखात दोनशे वर्षांपूर्वी जमलं, ते त्याच्या जन्मगावाच्या किनाऱ्यावर तुम्हाला जमत नाही?

३० नोव्हेंबर २०२५ पासून गेलिक अधिकृत भाषा आहे. लुईस ज्यांत येतं त्या पश्चिम बेटांवर ती बोलणारे २०११ मध्ये ५२ टक्के होते, २०२२ मध्ये ४५. हे आकडे तुमच्याच जनगणनेचे. कायदा होतो, पाट्या लागतात, फोटो निघतात. पण ज्या जागेला पिनकोड नाही ती सरकारला दिसत नाही. नावं माहीत असलेली माणसं ऐंशीच्या पुढे गेली आहेत. पुढच्या अर्थसंकल्पापर्यंत थांबा, हे त्यांना कोणी सांगायचं?

प्रत्येक पॅरिशला (चर्चच्या हद्दीवरून पडलेल्या विभागाला) एक पगारी गेलिकभाषक नोंदणीकार द्या. ध्वनिमुद्रण आणि आठ अंकी संदर्भ सक्तीचा करा, आणि मुद्रणाची प्रत त्या गावातच ठेवा. सप्टेंबरच्या मोठ्या उधाणाआधी नेमणुका व्हायला हव्यात. होणार की नाही, तेवढं लेखी कळवा.

आपले,
लुईसच्या किनाऱ्यावरचे नाव-नोंदणीकार