मागून भरणाऱ्या कचरागाड्या घेण्याआधी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमच्या शहरात कचरा वाहतुकीसाठी मागच्या बाजूने कचरा भरणाऱ्या आणखी दोन गाड्या, म्हणजे ज्यांना आता सगळेच कॉम्पॅक्टर म्हणतात त्या, खरेदी करण्याची तयारी सुरू असल्याचे समजते. पहिली गाडी येऊन तीन वर्षे झाली. तिच्यापुढे नारळ फुटला तेव्हा मीही गर्दीत उभा होतो. एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फोरमन म्हणून माझी नोकरी झाली आणि उसाच्या गाड्या उलटवणारे हायड्रॉलिक टिपलर, त्यांचे पंप, सिलिंडर व गळकी सील यांच्याशी झटण्यात आयुष्य गेले, त्यामुळे यंत्र पाहून बिचकणाऱ्यांपैकी मी नाही. तरीही या गाडीच्या मागे तीन उन्हाळे चालल्यानंतर (माझा सकाळी फिरायला जाण्याचा रस्ता आणि तिचा रस्ता दुर्दैवाने एकच आहे) माझे असे मत झाले आहे की, हे यंत्र ज्या कचऱ्यासाठी बनले आहे तो आपण त्यात घालतच नाही, आणि हा घोळ निस्तरल्याशिवाय नव्या गाड्या घेतल्या तर त्याही त्याच घोळात जातील.

गाडीची बाजू आधी मांडतो, कारण तिची बाजू आहे. उघड्या ट्रकमध्ये कचरा भरताना सफाई कामगाराला टोपले डोक्यावरून वर भिरकवावे लागे आणि त्यातले निम्मे पुन्हा त्याच्याच अंगावर येई. या गाडीचा हॉपर, म्हणजे कचरा ओतायचा मागचा हौद, कमरेच्या उंचीवर असल्याने ते हाल संपले. इंजिनाची ताकद बाहेर घेणारा पीटीओ नावाचा जोड लावून पंप फिरवला जातो, तेलाचा दाब दीडशे बारच्या पुढे जातो, मागचे पाते उघडते, सरकती पाटी खाली उतरते, पाते कचरा आत ओढून घेते आणि पाटी वर जाताना तो पेटीत दाबून बसवते. हा सगळा फेरा वीस-पंचवीस सेकंदांचा असतो. पेटीच्या आत एक आडवी भिंत असते, ती भरताना दाबाला विरोध करत इंचाइंचाने केबिनकडे सरकते आणि डेपोवर मागचे दार उचलले की तीच भिंत सगळा माल बाहेर ढकलून देते. पेटी उलटवावी लागत नाही, ही गोष्ट आमच्याकडे फार मोलाची आहे. पावसाळ्यात काळ्या मातीत एका बाजूची चाके रुतलेला डंपर हौदा उचलताच कसा कलंडतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला ती वेगळी सांगायला नको.

पण हे यंत्र जन्मले कुठे, तेही पाहिले पाहिजे. हायड्रॉलिक दाबाने कचरा दाबणारी मागून भरायची गाडी अमेरिकेत गारवुड कंपनीने १९३८ मध्ये बाजारात आणली. तिथल्या घरातला कचरा म्हणजे खोकी, बाटल्या, डबे आणि कागद. एक घनमीटर कचऱ्याचे वजन १०० ते २०० किलो, बाकी सगळी हवा. ती हवा काढण्यासाठी हे यंत्र आहे. आपल्या कचऱ्यात भाजीचा पाला, खरकटे, चहाचा चोथा, निर्माल्य, झाडलोटीची माती असते आणि मे महिन्यात टरबुजाच्या फोडी असतात. त्याचा एक घनमीटर न दाबताच ४०० ते ५०० किलोपर्यंत भरतो. म्हणजे १४ घनमीटरची पेटी असा मिश्र कचरा नुसता ओतला तरी सहा टनांच्या आसपास जाते, आणि १६ टन एकूण वजनाच्या दोन आसांच्या चासीवर पेटी व यंत्रणा बसवल्यानंतर मालासाठी उरतात जेमतेम सात टन. मग दाबायचे ते काय? आणि खरोखरच निम्म्यावर दाबला, तर गाडी साडेबारा टन भरेल आणि मागचा आस ते सोसणार नाही. मला वाटते, आमच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे इतक्या लवकर का बसले, याचे उत्तर गॅरेजमध्ये शोधण्यापेक्षा या बेरजेत शोधावे.

वजनाचे हे असे. पाण्याचे त्याहून वाईट. आपल्या मिश्र कचऱ्यात साधारण निम्मे पाणीच असते आणि ओला फडका पिळला की पाणी सुटणारच. त्यासाठी हॉपरच्या खाली एक टाकी दिलेली असते. सहा टन कचऱ्यातून शंभरात तीन भाग पाणी सुटले तरी १८० लिटर होते, आणि एवढ्या पाण्याला ती छोटी टाकी पुरत नाही. आमच्याकडे या प्रश्नावर उपाय शोधण्यात आला आहे: टाकीचा कॉक कायमचा उघडा ठेवलेला आहे. सकाळी सातच्या सुमारास जुन्या भाजी मंडईच्या कोपऱ्यापासून डेपोच्या रस्त्यापर्यंत एक काळी, चिकट रेघ ओढत गाडी जाते, गतिरोधक आला की तिथे थारोळे साचते आणि पुढे ऊन चढले की त्या रेघेवर माश्या बसतात. शाळेच्या वळणावर एक दूधवाला मोटारसायकलसह घसरला, तेव्हा रस्त्यावर पांढरे आणि काळे एकत्र वाहत होते. त्याचे कॅन उचलायला मी होतो. चालकाला विचारले तर तो म्हणाला, "काका, कॉक बंद केला की मागच्या दारातून गळतं, त्यापेक्षा हे बरं." त्याचेही चूक नाही, कारण मागच्या दाराचे रबरी सील झिजून दीड वर्ष झाले आहे. हे सील काही चांद्रयानाचा भाग नव्हे. आमच्या कारखान्यात असे सील हंगामापूर्वी बदलले जाई आणि त्याची नोंद रजिस्टरमध्ये असे.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट मात्र पाण्याची नाही. घंटागाडी दारात येते, तिला ओल्या आणि सुक्यासाठी दोन कप्पे आहेत, तिच्यावरचा भोंगा कचरा वेगळा देण्याचे आवाहन करतो आणि आमच्या गल्लीतल्या बायका दोन डबे भरून तो वेगळा देतातही. तीच घंटागाडी पुढे मंडईच्या कोपऱ्यावर येऊन कॉम्पॅक्टरच्या मागे लागते आणि दोन्ही कप्पे एकाच हॉपरमध्ये रिकामे होतात. पाते एकदा फिरले की पुठ्ठ्यात आमटी मुरते, दुधाच्या पिशवीत भात भरतो, आणि जे घराघरांत वेगळे केले होते ते वीस सेकंदांत कुणालाच कधीही वेगळे करता येणार नाही असे होऊन बसते. उघड्या ट्रकमधल्या कचऱ्यातून भंगार वेचणाऱ्या बाया निदान पुठ्ठा आणि बाटल्या बाजूला काढत. दाबलेल्या लगद्यातून त्याही काही काढू शकत नाहीत. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने कचरा जन्मतो तिथेच ओला, सुका आणि घरगुती घातक असा वेगळा करायला आणि वेगळा केलेला कचरा वेगळाच उचलून पुढे न्यायला सांगितले होते. माझ्या पत्नीने हा प्रकार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यापासून आमच्या घरात एकच डबा आहे. मी वाद घातला नाही, कारण घालायला मुद्दा उरला नव्हता.

घरगुती घातक कचऱ्याबद्दल थोडे अधिक, कारण त्याकडे कुणाचेच लक्ष नसते. ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो. पात्याखाली ते फुटतात आणि तो आजूबाजूच्या ओल्या कचऱ्यात जातो. बॅटरीचे सेल त्यातच चिरडले जातात. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमध्ये किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅमच्या आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आणि राज्य शासनाने 'हरित महासिटी कंपोस्ट' या नावाने असे खत शेतकऱ्यांपर्यंत नेण्याची योजना आखली ती या मर्यादा पाळल्या जातील असे धरूनच. माझ्या मेहुण्याने हौसेने डेपोवरच्या खताची एक ट्रॉली कापसाच्या रानात टाकली होती. नांगरटीनंतर पहिल्या पावसात धुऊन वर आले ते सलाईनच्या नळ्या, शाम्पूच्या पुड्या आणि बांगड्यांच्या काचा. खुरपणीला आलेल्या बाईच्या तळहातात त्यातलीच काच गेली. तेव्हापासून तो शेणखत विकत घेतो, महाग पडले तरी.

कामगारांविषयी न लिहिता हे पत्र पूर्ण होणार नाही. पाते खाली येत असताना ज्या लिव्हरवरून हात सुटला की यंत्र थांबले पाहिजे, ती लिव्हर आमच्या गाडीवर सुतळीने बांधून ठेवलेली मी पाहिली आहे, कारण हात धरून उभे राहण्यात वेळ जातो आणि मुकादम घाई करतो. त्याच वेळी दुसरा एक पोरगा हॉपरमध्ये पाय घालून नारळाच्या फांद्या खाली रेटत होता. त्याच्या पायात स्लीपर होती. मी ओरडलो, तो हसला. युरोपात या गाड्यांसाठी जे ईएन १५०१ हे सुरक्षा मानक आहे, त्यानुसार मागच्या पायरीवर माणूस उभा असेल तर गाडी ताशी ३० किलोमीटरच्या पुढे जाऊ नये आणि तिला रिव्हर्स घेताच येऊ नये, अशी व्यवस्था गाडीतच असावी लागते. आमच्याकडे त्याच पायरीवर दोघे-तिघे लोंबकळत डेपोपर्यंत जातात आणि गाडी अरुंद गल्लीतून मागे येते तेव्हाही तिथेच उभे असतात. नव्या गाड्यांच्या निविदेत ही व्यवस्था अट म्हणून घालायला किती खर्च येईल, हे एखाद्या अभियंत्याने सांगावे. माझ्या अंदाजाने गाडीच्या किमतीत तो दिसणारही नाही.

ठेकेदाराचे देयक प्रतिटन दराने निघते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. वजनावर पैसे मिळणार असतील तर पुठ्ठा वेगळा काढण्यात ठेकेदाराचा तोटा आहे, आणि ओला कचरा, गटारातला गाळ व बांधकामाची माती यांत नफा. यात ठेकेदाराला दोष देण्यापेक्षा करारनामा बदलणे सोपे आहे.

गाड्या वाढल्या की कचऱ्याचा प्रश्न सुटतो, या समजाला मराठवाड्याने एकदा मोठी किंमत दिलेली आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव परिसरातील ग्रामस्थांनी तेव्हाच्या औरंगाबाद शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, शहरात जागोजागी ढीग लागले आणि ७ मार्च रोजी शहरालगतच्या मिटमिट्यात कचरा टाकण्यावरून दगडफेक व लाठीमार झाला. तेव्हा शहराकडे गाड्या होत्या. त्या रिकाम्या करायला जागा नव्हती, कारण वर्षानुवर्षे मिश्र कचरा एका गावाच्या उशाला नेऊन टाकला गेला होता.

माझी सूचना कॉम्पॅक्टर विकून टाकण्याची नाही. आहे ती गाडी फक्त सुक्या कचऱ्याला लावावी: पुठ्ठा, प्लॅस्टिक, थर्माकोल, चिंध्या. त्यात हवा भरपूर असते, पाणी नसते, आणि तिथे हे यंत्र आपली किंमत वसूल करते. तीन फेऱ्यांचा माल एका फेरीत जाईल. त्यातही निवडून विकण्याजोगा माल आधी काढून घेतला तर उत्तम. ओला कचरा घंटागाड्यांनी न दाबता थेट खतखड्ड्यांवर न्यावा. मंडई आणि आठवडी बाजाराचा पाला तर कचराच नव्हे. तो बाजाराच्या मागेच खड्ड्यात जिरवता येईल आणि डिझेलही वाचेल. दोन नव्या कॉम्पॅक्टरच्या पैशात दोन बंद कप्प्यांच्या किती लहान गाड्या येतात, याचा हिशेब सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. जुन्या गावठाणातल्या बोळांत तसेही मोठे धूड शिरत नाही, आणि जलवाहिनीसाठी खोदून बुजवलेल्या रस्त्यांवर ते गेले की चर खचतो तो वेगळाच.

एवढे सांगूनही मिश्र कचऱ्यासाठीच नव्या गाड्या घ्यायच्या असतील, तर त्या धुवायच्या कुठे आणि कशाने, हे आधी ठरवावे. दाबलेला ओला माल वाहणारी पेटी, हॉपर आणि टाकी रोज धुतली नाही तर पत्रा सडतो. ज्या भागातल्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात उन्हाळ्याचे तीन महिने हे पाणी कुठून येणार?

शेवटी एक विनंती. निविदा काढण्यापूर्वी पुरवठादाराकडून प्रात्यक्षिक मागवावे, आणि ते नगरपरिषदेच्या स्वच्छ आवारात रिकाम्या खोक्यांवर न करता मंगळवारी संध्याकाळी बाजार उठल्यावर, बाजारतळावर, आपल्याच कचऱ्यावर करावे. गाडी भरण्याआधी आणि भरल्यानंतर मोंढ्यातल्या काट्यावर तोलावी, टाकीचा कॉक बंद ठेवून डेपोपर्यंत न्यावी आणि तिथे टाकीत किती पाणी निघाले ते सर्वांसमक्ष मोजावे. मी हजर राहीन. मोजायला बादली घरून आणतो.

आपला,
एक निवृत्त फोरमन
(माझे व शहराचे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)