संकेतस्थळावरची धोक्याची सूचना आणि ‘पुढे जा’चा सल्ला

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयाचे शुल्क, पतसंस्थेचा हप्ता, चादरी-टॉवेलची मागणी असे बरेचसे व्यवहार सोलापुरात आता संकेतस्थळांवरून होतात. मात्र ती चालवणाऱ्या अनेक संस्था सुरक्षित जोडणीचे काम एकदाच करून विसरून जाण्याचे समजतात. अलीकडे शहरातील एका महाविद्यालयाच्या शुल्काच्या पानावर ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ अशी सूचना आली, म्हणून कार्यालयात फोन केला, तर उत्तर मिळाले, “काही नाही हो, ‘अॅडव्हान्स्ड’वर दाबा आणि पुढे जा, सगळे तसंच करतात.” संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली की अशी सूचना येते. ती मुदत संपू देणे हा हलगर्जीपणा आहे, पण विद्यार्थ्यांना सूचना डावलायला शिकवणे त्याहून कितीतरी वाईट आहे, आणि या पत्राचे कारण तेच आहे.

एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित, जोडणीत मजकूर कूटबद्ध होण्याआधी, म्हणजे इतरांना वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात जाण्याआधी, ब्राउझर समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासतो. त्यावरचे नाव त्याच संकेतस्थळाचे आहे का, मुदत शिल्लक आहे का आणि विश्वासार्ह यंत्रणेची डिजिटल स्वाक्षरी आहे का, हे पाहून झाल्यावरच पुढचे संभाषण सुरू होते. सूचना डावलून पुढे गेले तरी मजकूर कूटबद्ध होतोच, फक्त तो कोणासाठी, याची खात्री उरत नाही; पाकीट नीट चिकटवून भलत्याच माणसाच्या हाती द्यावे, तसा हा प्रकार आहे. स्टेशनवरच्या किंवा लॉजच्या वायफायवर मध्येच कोणी स्वतःचे बनावट प्रमाणपत्र पुढे केले, तरी पडद्यावर जवळजवळ तशीच सूचना येते. ती डावलायची सवय लागलेला विद्यार्थी तेव्हा थांबेल, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

खर्चाची सबब आता चालण्यासारखी नाही. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा यंत्रणा 2015 च्या अखेरीपासून सर्वांना विनामूल्य प्रमाणपत्रे देते. एरवी त्यांची मुदत 90 दिवसांची असते आणि ‘सर्टबॉट’सारखी प्रणाली नूतनीकरण आपोआप करते. विकतच्या प्रमाणपत्रात संस्थेची कागदोपत्री पडताळणी होऊ शकते, पण त्यामुळे कूटबद्धता अधिक पक्की होत नाही, हे याच प्रमाणपत्रापोटी ‘एसएसएल चार्जेस’ म्हणून दरवर्षी बिल भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना कोणी सांगत नाही.

आपोआप होणारे काम अडते कुठे, हेही पाहण्यासारखे आहे. ‘आता सगळे सुरक्षित झाले’ म्हणून कोणी 80 क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे साध्या, असुरक्षित जोडणीचे सर्व्हरवरचे दार, बंद करतो आणि नूतनीकरणासाठी त्याच वाटेने होणारी संकेतस्थळाच्या मालकीची तपासणी तिथे अडकते. कधी नवे प्रमाणपत्र सर्व्हरवर येऊन पडलेले असते, पण वेब सर्व्हरला ते पुन्हा वाचायला न सांगितल्यामुळे तो जुनेच दाखवत राहतो. मुदत संपत आल्याचे ईमेल ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने 2025 च्या जूनपासून बंद केले आहेत, त्यामुळे त्या भरवशावर बसलेल्यांना आता ग्राहकाच्या तक्रारीवरूनच कळते. सर्वांत अवघड प्रसंग मात्र संकेतस्थळ बनवणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर येतो: डोमेन (संकेतस्थळाचे नाव) त्याच्या ईमेलवर, होस्टिंगचा (संकेतस्थळ ठेवलेल्या जागेचा) पासवर्ड त्याच्याकडे, आणि संस्थेकडे उरते ती केवळ पावती.

यापुढे हाताने नूतनीकरण करणाऱ्यांची अडचण वाढतच जाणार आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणा आणि ब्राउझर कंपन्या यांच्या सामायिक मंचाने 2025 च्या एप्रिलमध्ये घेतलेल्या निर्णयानुसार प्रमाणपत्राची कमाल मुदत 398 दिवसांवरून टप्प्याटप्प्याने कमी होत मार्च 2029 पासून 47 दिवसांवर येईल. जे काम वर्षातून एकदा लक्षात राहत नाही, ते दीड महिन्याला कसे राहणार?

वैध प्रमाणपत्र म्हणजे प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे, हेही जाता जाता सांगायला हवे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीच्या नावाखाली भलताच माल विकणाऱ्यालाही ते मिळते. पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले की लोक निर्धास्त होतात, हे ओळखून क्रोम ब्राउझरने 2023 मध्ये पत्त्याच्या पट्टीतले ते चिन्हच बदलले.

संस्थांनी डोमेन आणि होस्टिंग स्वतःच्या नावावर घ्यावे, स्वयंचलित नूतनीकरणाची जबाबदारी देखभालीच्या करारात लेखी लिहून घ्यावी आणि मुदतीवर बाहेरून लक्ष ठेवणारी सेवा लावावी. तरीही प्रमाणपत्राची मुदत संपलीच, तर दुरुस्ती होईपर्यंत शुल्काचे पान बंद ठेवावे, पैसे कार्यालयात स्वीकारावेत आणि त्या दिवसांचे विलंब शुल्क विद्यार्थ्यांकडून घेऊ नये.

आपला,
एक वाचक,
विजापूर रोड, सोलापूर