बाबांनी आर्गॉन लावला

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. काकूंचा गुडघा आता कसा आहे? परवा फोनवर तू डेअरीच्या घाईत होतास आणि मला जे सांगायचं होतं ते दोन मिनिटांत मावणारं नव्हतं. म्हणून लिहायलाच बसलो.

मी आर्गॉन वेल्डिंगचं मशीन घेतलं. सेकंडहँड, २०० अँपिअरचं, सिंगल फेज, नुसतं डीसी. हातात धरायची वेल्डिंगची टॉर्च, अर्थची केबल आणि गॅसचा रेग्युलेटर धरून साडेआठ हजार. उद्यमनगरात एकजण शेड रिकामी करत होता, त्याच्याकडून घेतलं.

लहानपणी बाबांच्या शेजारच्या शेडमधला आर्गॉनवाला आठवतो का? भर उन्हाळ्यात दार लावून, पंखा बंद करून बसायचा. तो काहीतरी लपवतोय असं आपल्याला वाटायचं. कारण आता हाताला कळलं. टॉर्चमधल्या टंगस्टनच्या सळीच्या टोकाभोवती आर्गॉन वायूचं जे पांघरूण असतं ते एवढं नाजूक असतं की पंख्याच्या वाऱ्यानंही सरकतं. मग तापलेल्या धातूला हवा लागते आणि सांध्यात टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडतात.

तूही मशीन बघतोयस म्हणालास, म्हणून मी काय काय तपासलं ते सांगतो. आधी गॅसचं सिलिंडर डिपॉझिटवर आणलं आणि ते घेऊनच मशीन बघायला गेलो. 'गॅस संपलाय, पण मशीन ओके आहे' असं कुणी म्हणालं तर चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. बटण दाबल्यावर आधी आतला व्हॉल्व्ह टक् करून उघडला पाहिजे, गॅस आला पाहिजे, आणि मग टोक पत्र्याला न टेकवता ठिणगी उडून आर्क, म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत, लागला पाहिजे. काही स्वस्त मशीनांत टंगस्टन पत्र्यावर घासून आर्क लावावा लागतो. शिकणाऱ्याचं टोक त्यानं सारखं मळतं. मी आधी २० अँपिअरवर आर्क थरथरतो का ते बघितलं, मग १२० वर पाच मिनिटं चालवलं. केबल जिथं मशीनला जोडते तिथं हात लावला. ती जागा चटका देत असेल किंवा प्लास्टिक वितळलेलं असेल तर जोड सैल आहे समज. मालकाला विचारून झाकणही उघडलं, पण प्लग काढून बराच वेळ थांबल्यावर, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहतो. आत ग्राइंडरची काळी धूळ बसली होती. ती लोखंडाची असते, बोर्ड शॉर्ट करते. घरी आणून हवेनं साफ केली.

एवढं बघूनही एक गोष्ट नजरेतून सुटली. पहिले तीन दिवस टंगस्टन प्रत्येक वेळी काळं पडून निघायचं. गॅस वाढवला, कमी केला, टोक पुन्हा घासलं, काही फरक नाही. शेवटी टॉर्चच्या मागची टोपी काढली, तर आतली रबरी रिंग कडक होऊन चिरली होती आणि तिथून हवा आत जात होती. काही रुपयांची रिंग बदलली आणि टंगस्टन चांदीसारखं निघायला लागलं. तीन दिवसांचा गॅस मात्र गेला. गॅसचा हिशेबही तुला सांगून ठेवतो. १० लिटरच्या सिलिंडरमध्ये १५० बार दाबाला साधारण १,५०० लिटर आर्गॉन मावतो. मिनिटाला ८ लिटर धरले तर जेमतेम तीन तास. मशीन स्वस्तात मिळालं तरी हा खर्च चालूच राहतो, तेव्हा त्याची तयारी ठेव.

आता बाबांचं. ते चौऱ्याहत्तरचे झाले. आयुष्यभर रॉडचं वेल्डिंग केलं, आणि तेही कानानं. फोडणीसारखा चरचर आवाज एकसारखा आला की सांधा बरोबर, फटफट करायला लागला की करंट चुकला. मी शेडमध्ये आर्क लावला तेव्हा ते पाठ करून बसले होते. थोड्या वेळानं विचारतात, "लावलास का?" डीसी आर्गॉनला आवाजच नसतो रे. अर्धा मिनिट आर्क चालू होता आणि त्यांना पत्ता नव्हता.

मग उठून हेल्मेट घातलं आणि माझ्या हातातून टॉर्च घेतली. २ मिलिमीटरचा ३०४ स्टेनलेस स्टीलचा पत्रा, ७० अँपिअर, डाव्या हातात फिलर, म्हणजे सांध्यात भरायची तार. डाव्या हाताला अशी सवय कधीच नव्हती. दोनदा टंगस्टन वितळलेल्या धातूच्या डबक्यात बुडलं, दोनदा घासून दिलं. तिसऱ्यांदा त्यांनी फिलर आणलाच नाही. नुसतं डबकं तयार केलं, ते कसं चमकतं ते बघत राहिले आणि हळूहळू पुढं नेलं. चार इंच. रंग फिकट सोनेरी आला, करडेपणा कुठंच नाही. माझी एवढी सरळ ओळ अजून आलेली नाही. पट्टी गार झाल्यावर त्यांनी ती खिशात घातली आणि ही पद्धत कधीची म्हणून विचारलं. वाचून सांगितलं, की १९४१ च्या सुमारास अमेरिकेत नॉर्थरॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडण्यासाठी काढली, तेव्हा हेलियम वापरायचे. "म्हणजे माझ्याहून मोठी," एवढंच म्हणाले.

तुझ्या दुधाच्या कॅनचं काम मात्र या मशीनवर होणार नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पण त्याच्यावरची ऑक्साइडची साय वितळायला २,००० च्या वर लागतं. ती साय फोडायला एसी लागतो, आणि एसी-डीसी मशीन सेकंडहँडसुद्धा माझ्या आवाक्यात नाही. तुला कॅनसाठीच घ्यायचं असेल तर हे घेऊ नकोस, थांब. स्टीलची टाकी, पाइप, गोठ्याचं काम करायचं असेल तर असंच साधं डीसी घे.

दोन गोष्टी विसरू नकोस. लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये किरणोत्सारी थोरियम असतं, ते घासताना धूळ नाकात जाते, म्हणून निळं किंवा सोनेरी घे. आणि पत्रा पुसायला ॲसिटोनच वापर. पुसल्यावर ते पूर्ण उडून जाऊ दे आणि डबा लांब ठेव. क्लोरीनवालं क्लीनर कधीच नको, आर्कपाशी त्याचा विषारी वायू होतो.

पुढच्या रविवारी ये. येताना गोठ्याच्या त्या गळक्या स्टीलच्या पाइपचा तुकडा आण. बाबांनी तो त्यांच्यासाठी राखून ठेवायला सांगितलंय.

तुझा,
सुरेश