खोक्यावर एमआरपी छापता, ड्रायव्हरची मुदत पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि लोकांनी नवे कॉम्प्युटर घेतले, पण त्या कॉम्प्युटरला जोडायच्या जुन्या प्रिंटर, स्कॅनरचं काय, त्यांचा ड्रायव्हर (म्हणजे ती वस्तू कॉम्प्युटरवर चालण्यासाठी लागणारं छोटं सॉफ्टवेअर) मिळणार का, यावर फारसं कोणी बोलत नाही म्हणून हे पत्र.

माझं तालुक्याच्या गावात झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. नवीन लॅपटॉप घेतला, त्यात विंडोज ११, जुना स्कॅनर जोडला तर ओळखतच नाही. कंपनीच्या साइटवर ड्रायव्हर विंडोज ७ पर्यंतचाच आणि तोही ३२ बिट, म्हणजे जुन्या प्रकारच्या विंडोजसाठीचा, आता ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही आणि विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये येतच नाही, म्हणजे विषयच संपला. कस्टमर केअरवाले म्हणतात मॉडेल बंद झालंय, नवीन घ्या. अहो पण काच चांगली आहे, लॅम्प चांगला आहे, मोटर चांगली आहे, नवीन कशासाठी घ्यायचा? शेवटी ओळखीच्या एका पोराने दुकानातल्या जुन्या पीसीवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकून दिली. त्यात स्कॅनरसाठी सेन नावाचं फुकट सॉफ्टवेअर असतं, जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेलं, आणि त्यावर तोच स्कॅनर लगेच चालायला लागला. आजही रोजची आधार कार्डं, सातबारे त्याच्यावरच स्कॅन होतात.

कंपन्यांनी जन्मभर ड्रायव्हर द्यावेत असं माझं म्हणणं नाही. प्रत्येक नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर परत तपासायचा, दुरुस्त करायचा, त्याला इंजिनिअर लागतात, आणि वस्तूचे पैसे तर एकदाच मिळालेले असतात, हे कळतं. पण मुदत आधी सांगा ना! एनव्हिडियाने २०१६ साली आलेल्या जीटीएक्स १० सिरीजच्या ग्राफिक्स कार्डांना ऑक्टोबर २०२५ पर्यंत नेहमीचे ड्रायव्हर दिले, पुढे सिक्युरिटी अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत देणार हे पण जाहीर करून टाकलं. असं कळलं की माणूस त्या हिशोबाने पैसे बाजूला ठेवतो.

आणि मुदत मोजायची कुठून, हा खरा मुद्दा आहे. मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजली तर आमच्यासारख्यांचं नुकसान, कारण तालुक्याच्या दुकानात येणारा माल बऱ्याचदा जुना स्टॉक असतो. युरोपात २० जून २०२५ पासून मोबाईल आणि टॅबलेटसाठी नियम आहे की त्या मॉडेलची विक्री कंपनीने थांबवल्यापासून पुढे किमान ५ वर्षं अपडेट द्यायचे. हे मोजमाप बरोबर आहे. प्रिंटर, स्कॅनर तर मोबाईलपेक्षा जास्त टिकतात, त्यांना माझ्या मते १० वर्षं पाहिजेत. ब्रिटनमध्ये पण २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडणाऱ्या वस्तूंना सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत मिळतील ते कंपनीला जाहीर करावं लागतं.

आपल्याकडे खोक्यावर एमआरपी, महिना-वर्ष, कस्टमर केअरचा नंबर छापायची सक्ती आहेच, त्यातच अजून एक ओळ वाढवायची, ‘ड्रायव्हर अमुक तारखेपर्यंत मिळेल’. ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं, चांगलं केलं, पण स्पेअर पार्ट मिळाला आणि ड्रायव्हरच नसेल तर तो पार्ट घेऊन करायचं काय? दुरुस्तीच्या हक्कात ड्रायव्हर पण आला पाहिजे, असं खात्याने कंपन्यांना स्पष्ट सांगावं.

मुदत संपल्यावर मशीनशी कसं बोलायचं त्याची तांत्रिक माहिती कंपनीने खुली करावी, म्हणजे ज्यांना जमतं ते ड्रायव्हर लिहितील. तेवढंही होत नसेल तर निदान शेवटचा ड्रायव्हर साइटवरून काढू नका. तो काढला की लोक गुगलवर शोधत कुठल्यातरी भलत्याच साइटवरून डाऊनलोड करतात आणि कॉम्प्युटरमध्ये व्हायरस घुसतो, असे कॉम्प्युटर घेऊन माझ्या दुकानात नेहमी कोणी ना कोणी येत असतं.

आपला,
एक झेरॉक्स दुकानदार