काठ नांगरला आणि मुऱ्या गेल्या

महोदय,

मार्च २०२३ मध्ये अंकलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हा सगळीकडे फोटो छापून आले. यायलाच हवे होते. पण जे मासे मरून तरंगत नाहीत, नुसते व्हायचे थांबतात, त्यांची बातमी होत नाही. म्हणून हे पत्र.

आमची मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची, जमीन भिलवडीजवळ, नदीला लागून. लहानपणी काठावर करंज, उंबर, वाळुंज यांची दाटी होती. पिकलेलं उंबर पाण्यात टपकलं की खालून मासे उसळायचे. पायाखाली गोटे असायचे. एखादा उचलावा तर खालून मुरी, बोटाएवढा मासा, सुळकन निसटायची. पुढे नदीवर मोटारी बसल्या, ऊस वाढला आणि आम्ही झाडं काढली. हो, आमच्याच घरानं. जेसीबी लावून काठ सपाट केला आणि शेवटची सरी पाण्यापासून चार हातांवर नेली. गावोगाव हेच झालं.

मासे लगेच गेले नाहीत, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. मोठी वाम, मोठे शिंगाळे जाळ्यात येतच होते. पण नांगरलेल्या काठाची माती दर पावसाळ्यात नदीत उतरते आणि गोट्यांच्या फटींत बसते. खड्यांत अंडी घालणाऱ्या माशांना त्या फटींतून खेळतं पाणी लागतं. गाळ बसला की अंडी गुदमरतात. जुने मासे दिसत राहतात, मागून पिल्लं येत नाहीत. चिलापीचं, म्हणजे तिलापिया माशाचं, तसं नाही. ती अंडी तोंडातच सांभाळते, गाळ तिचं काय बिघडवणार? बंधाऱ्यामागचं साचलेलं, कोमट पाणीही तिला मानवतं. हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला गेला. आज आमच्याकडचे भोई पाटी उपडी करतात, तेव्हा चिलापीच जास्त पडते. मुरी मी कित्येक वर्षांत पाहिलेली नाही.

अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातल्या ओढ्यांचा एक अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. ओढ्यात आज कोणते मासे आणि किडे आहेत, हे आजच्या जंगलापेक्षा १९५० च्या दशकातल्या जमिनीच्या वापरावरून जास्त कळतं, असं त्यात दिसलं. रान पुन्हा वाढलं तरी ओढा चाळीस वर्षं जुनी शेती विसरला नव्हता. आपण तर अजून झाडं लावायलाही घेतलेली नाहीत.

काठावर झाडं राखण्यात शेतकऱ्याचं नुकसान आहे, असं कुणी म्हणू नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत आमचा मोकळा काठ ढासळला, उसासकट. शेजारच्या मळीत जुने करंज शाबूत होते, तिथली माती जागेवर राहिली.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. ग्रामपंचायतींनी नदीकाठची आणि ओढ्याकाठची पट्टी रोजगार हमीतून पुन्हा झाडाखाली आणावी. आणि मत्स्य विभागानं भोयांच्या पाटीत कोणत्या जातीचे मासे किती येतात, याची दरवर्षी गावनिहाय नोंद ठेवावी. नुसतं किलोत वजन मोजून चालणार नाही, कारण चिलापी वजन भरून काढते.

यंदाचा ऊस तुटला की काठाकडच्या चार सऱ्या मी मोडणार आहे. करंजाच्या बिया घरच्याच आहेत. वाळुंजाच्या फांद्या कुणाकडे मिळतील तर हव्या आहेत, आमच्या बाजूला आता एकही झाड उरलेलं नाही.

आपला,
एक शेतकरी वाचक
भिलवडी, ता. पलूस, जि. सांगली