स्टिरॉइडवाल्यांना ही गोळी कोण सांगणार?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

दिवाळीत माझ्या आत्याला खोकला सुरू झाला, एकदम कोरडा, कफाचा पत्ता नाही, संध्याकाळी बारीक ताप, आणि आम्ही सगळ्यांनी तो फटाक्यांच्या धुरावर ढकलून दिला. आत्याला पेम्फिगस आहे, अंगभर फोड येतात तो आजार, त्यासाठी तीन महिने रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि वर प्रतिकारशक्ती दाबायचं आणखी एक औषध चालू होतं. फोड बसले होते म्हणून घरात सगळे खुश. मग एक दिवस तुळशीला पाणी घालून आत येताना ती पायरीवरच बसली, बोलताच येईना.

कोरोनातला ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये पडून होता, सेल बदलून बोटाला लावला तर ९५. म्हणलं ठीके की. शेजारच्या सिस्टर म्हणाल्या, असं नको, जरा चालवून आणा आणि मग बघा. गेटपर्यंत जाऊन आली आणि आकडा ८३! बसल्यावर परत हळूहळू वर. बसून बरा दिसणारा ऑक्सिजन चालल्यावर असा धाडकन पडणं ही तिला पुढे जो न्यूमोनिया निघाला त्याची मोठी खूण, हे आम्हाला फार नंतर कळलं.

एक्सरेत दोन्ही फुप्फुसं धुरकट. पहिल्या हॉस्पिटलात (नाव घेत नाही, भांडायचं नाहीये) टीबीच असणार म्हणून टीबीची औषधं सुरू केली, थुंकी तपासायला कफच पडत नव्हता तर तपासणार काय. आपल्याकडे टीबी इतका आहे की डॉक्टरांच्या मनात तोच आधी येतो, ते समजू शकतो, पण पाच दिवसांत आत्या ऑक्सिजनवर. दुसरीकडे हलवलं, तिथे दुर्बिणीने फुप्फुसात थोडं पाणी सोडून परत ओढून घेतलं, ते तपासलं आणि निघालं न्यूमोसिस्टिस. न्यूमोनिया करणारी बुरशी!

बुरशी म्हणल्यावर आमच्या काकांनी त्याच दिवशी बाथरूमची ओल खरवडून रंग मारून टाकला. त्याचा काहीएक संबंध नव्हता. ही बुरशी भिंतीवर वाढत नाही, माणसाच्याच फुप्फुसात राहते आणि हवेतून एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आपल्यातल्या बहुतेकांची तिच्याशी लहानपणीच गाठ पडलेली असते, फक्त प्रतिकारशक्ती तिला डोकं वर काढू देत नाही. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना हाच न्यूमोनिया झाल्याची नोंद छापून आली आणि एड्सचा पहिला सुगावा जगाला तिथे लागला. १९८८ पर्यंत तर हिला बुरशी मानतच नव्हते. कोरोनात म्युकरच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, वेळी लोक ज्या इंजेक्शनसाठी वणवण फिरले ते पण हिच्यावर फारसं चालत नाही.

चालतं काय, तर कोट्रायमॉक्झाझोल, म्हणजे आपली जुनी सेप्ट्रान. आत्या मास्कच्या आतून म्हणाली, अरे ही तर जुलाब थांबवायची गोळी! तेच औषध मोठ्या डोसमध्ये, आधी सलाईनमधून आणि मग तोंडाने, २१ दिवस.

आणि माझी तक्रार इथेच आहे. हेच स्वस्त औषध छोट्या डोसमध्ये आधीपासून दिलं तर हा आजार बहुतेक वेळा होतच नाही. एचआयव्हीच्या पेशंटला सीडी४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) कमी असल्या की एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी उपचार केंद्रावर, ते फुकट मिळतं, तिथे ठरलेली पद्धत आहे. पण त्वचेचे, सांध्यांचे, किडनीचे पेशंट वेगवेगळ्या डॉक्टरांकडे विखुरलेले, महिना-महिना २० मिलिग्रॅमच्या वर स्टिरॉइड आणि सोबत अशीच दुसरी औषधं घेतात, त्यांचं काय? आत्याच्या फाइलमध्ये कॅल्शियम होतं, ॲसिडिटीची गोळी होती, दर पंधरा दिवसांनी शुगर होती. फक्त ही गोळी तेवढी नव्हती, आणि आम्हाला विचारायचं माहीत नव्हतं.

सगळ्यांनी उठून मेडिकलमधून आणा असं मी अजिबात म्हणत नाही, काहींना यातल्या सल्फाची ॲलर्जी असते, किडनी आणि पोटॅशियम बघावं लागतं. पण स्टिरॉइड लिहून देणाऱ्या डॉक्टरांना "मला न्यूमोसिस्टिससाठी काही लागेल का" एवढं विचारायला काय हरकत आहे? तुमच्या आरोग्य पुरवणीत एखाद्या छातीच्या डॉक्टरांकडून यावर लिहून घ्या, ही विनंती.

आत्या आता बरी आहे, तुळशीला पाणी घालते आणि दर वेळी आत आल्यावर स्वतःच ऑक्सिमीटर लावून आकडा मोठ्याने सांगते.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा