पासवर्ड लांबलचक हवा

मा. संपादक,
आमच्या रामबागेतल्या शेजारच्या काकूंचं ईमेल खातं गेल्या महिन्यात कुणीतरी बळकावलं. पासवर्ड काय, तर नातवाचं नाव आणि त्याचं जन्मसाल. वाढदिवसाचे फोटो काकूंनीच व्हॉट्सॲपच्या दहा ग्रुपवर टाकलेले. ओळखायला कितीसा वेळ लागणार? त्यात ईमेल हाती लागलं की 'पासवर्ड विसरलात?' दाबून बाकीची खातीही उघडता येतात. म्हणून निदान ईमेलला तरी दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड ठेवा आणि दोन टप्प्यांची पडताळणी (म्हणजे पासवर्डनंतर फोनवर येणारा कोडही विचारला जातो ती सोय) सुरू करा.

नावापुढे 'ॲट'चं चिन्ह आणि १२३ जोडलं की झालं, हा समज चुकीचा आहे. चोरांचे प्रोग्राम नेमके हेच आधी लावून बघतात. खरा जोर लांबीत असतो. एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द घ्या, जसे कंदील, पोहे, ओसरी, बोगदा, तराजू, आणि ते सलग टाइप करा. (हेच मात्र घेऊ नका!)

लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून कपाटात ठेवा. अनेकांना हे पटत नाही, पण दूर बसलेल्या चोराला आपल्या कपाटातली वही दिसत नाही. काकूंनी आता तसंच केलंय.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. इंदूरच्या मराठी मंडळांनी येत्या गणेशोत्सवात ज्येष्ठांसाठी यावर एक दुपार ठेवावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, रामबाग, इंदूर